पंखा कोणाचा, बिल कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विजेच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांच्या बैठकीत चर्चा निघाली की ती दरवाढीपासून सुरू होते आणि बहुधा दरवाढीपाशीच संपते. दरवाढीविरुद्ध मोर्चे निघतात, बिलांची होळी होते, नियामक आयोगापुढे हरकती नोंदविल्या जातात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु विजेचे बिल हा दोन संख्यांचा गुणाकार असतो. एक संख्या दराची, दुसरी युनिटांची. पहिल्या संख्येवर चळवळीने जेवढे लक्ष दिले, तेवढे दुसरीवर दिलेले नाही. घरात किती वीज जळते हा ज्याच्या त्याच्या काटकसरीचा प्रश्न आहे असे समजून तो गृहिणींच्या आणि वृत्तपत्रांतील ‘ग्राहक मार्गदर्शन’ सदरांच्या हवाली करण्यात आला. ही दुसरी संख्याही दराइतकीच सामाजिक आहे, हे आज येथे मांडावयाचे आहे.

त्या सदरांतून मिळणारा सल्ला ठराविक असतो. उपकरण घेताना तारे पाहावेत, थोडी अधिक किंमत पडली तरी वीज कमी खाणारे उपकरण घ्यावे, दोनतीन वर्षांत पैसे वसूल होतात. हा सल्ला चुकीचा नाही. मात्र तो तीन गोष्टी गृहीत धरतो. उपकरण विकत घेणारा आणि बिल भरणारा एकच माणूस आहे, ही पहिली. त्याच्या हाती आज अधिकचे हजार-दीड हजार रुपये आहेत, ही दुसरी. आणि जे यंत्र त्याने घ्यावे असे सांगितले जाते ते त्याच्या गावच्या दुकानात मिळते व बिघडल्यास गावातच दुरुस्त होते, ही तिसरी. कष्टकऱ्यांच्या वस्तीत या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र आढळतात. म्हणून तेथे हा शहाणपणाचा सल्ला वाऱ्यावर जातो, आणि वर गरिबालाच अडाणी ठरविले जाते.

प्रश्न नीट समजावा म्हणून घरातील सर्वांत साध्या यंत्रापासून सुरुवात करावी. ते यंत्र म्हणजे छताचा पंखा. फ्रीज, धुलाईयंत्र, वातानुकूलन यंत्र ही वर्गावर्गाने कमी-अधिक आढळतात. पंखा मात्र वीज पोहोचलेल्या बहुतेक प्रत्येक घरात आहे. विदर्भ-मराठवाड्यात आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो वर्षातील नऊ-दहा महिने फिरतो. साधा जुना पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट वीज घेतो. त्या विजेचा बराचसा भाग वारा देण्यात खर्च होत नाही. अशा मोटरीत फिरणाऱ्या भागात चुंबकत्व निर्माण करण्यासाठीच वीज खर्ची पडते आणि काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पंखा तासभर चालवून बंद केल्यावर त्याच्या मधल्या घुमटाला हात लावून पाहिला तर ही उधळपट्टी हाताला जाणवते. गेल्या दहा-बारा वर्षांत बाजारात रूढ झालेल्या, बीएलडीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे लोहचुंबक बसविलेले असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक मंडल विजेचा प्रवाह योग्य त्या क्षणी योग्य त्या वेटोळ्यात सोडते. तेवढाच वारा हा पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो.

आता हिशेब मांडावा. दोन खोल्यांचे घर, दोन पंखे, दिवसाकाठी पंधरा तास. ७५ वॅटचे दोन पंखे महिन्याला साधारण ६७ युनिटे घेतील. ३० वॅटचे दोन पंखे २७ युनिटे. फरक ४० युनिटांचा. फ्रीज, दूरचित्रवाणी संच, दिवे, मिक्सर मिळून त्या घराचा एकूण वापर महिन्याला १२५ युनिटे असला, तर पंखे बदलल्यावर तो ८५ वर येईल.

येथे महावितरणच्या दरपत्रकातील पायऱ्या ध्यानी घ्याव्या लागतात. घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांसाठी एक दर, १०१ ते ३०० साठी दुसरा, ३०१ ते ५०० साठी तिसरा आणि त्यापुढे चौथा, अशी ती रचना आहे. २०२३-२४ साली पहिल्या पायरीचा ऊर्जा आकार युनिटामागे सुमारे साडेचार रुपये होता, तर दुसऱ्या पायरीचा साडेनऊ रुपयांहून अधिक. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. नंतर आकडे बदलत गेले, परंतु वर चढावे तसा दर वाढावा हे तत्त्व कायम आहे. याचा अर्थ असा की वाचलेली युनिटे सर्वांत वरच्या, सर्वांत महाग पायरीवरून कमी होतात. वरील उदाहरणात चाळीसपैकी पंचवीस युनिटे दुसऱ्या पायरीवरची आणि पंधरा पहिल्या पायरीवरची वाचतील. त्या वर्षीच्या दराने केवळ ऊर्जा आकारातच महिन्याला ३०० रुपयांच्या आसपास बचत होते. वहन आकार आणि वीज शुल्क त्याखेरीज. नवा पंखा घ्यावयाचाच असेल, तर साध्या आणि कार्यक्षम पंख्याच्या किमतीतील हजार-दीड हजाराचा फरक वर्षभरात भरून निघतो. चालू पंखा काढून नवा लावला, तरी सारी किंमत साधारण दोन वर्षांत वसूल होते. ज्या गुंतवणुकीवर दोन वर्षांत मुद्दल परत मिळते, ती कोणताही कारखानदार डोळे मिटून करील. मग कामगाराच्या घरात ती का होत नाही?

पहिले उत्तर घरमालकाचे आहे. भाड्याच्या खोलीतील पंखा मालक लावतो आणि बिल भाडेकरू भरतो. मालकाने स्वस्तातला स्वस्त पंखा निवडावा यात त्याचा तोटा काहीच नाही. त्या स्वस्ताईचा दंड भाडेकरू दरमहा भरत राहतो. इमारत बांधणारा कंत्राटदार हेच करतो. सरकारी घरकुले, वसतिगृहे, आश्रमशाळा यांच्या निविदांत ‘सर्वांत कमी किमतीची’ निविदा मंजूर करण्याची जी पद्धत आहे, तिच्यात हाच दोष भरलेला आहे. खरेदीच्या दिवशीची किंमत पाहिली जाते. पुढची दहा वर्षे ते यंत्र किती वीज खाईल हे कोणी पाहत नाही.

दुसरे उत्तर मीटरचे आहे, आणि ते अधिक संतापजनक आहे. शहरांच्या वस्त्यांत पाचपाच, सहासहा बिऱ्हाडे एकाच मीटरवर असतात. मालक प्रत्येक खोलीला सबमीटर लावतो आणि युनिटामागे स्वतः ठरविलेला दर घेतो. पाच बिऱ्हाडे प्रत्येकी ८० युनिटे वापरत असली तर प्रत्येकाचा वापर पहिल्या पायरीतला, सर्वांत स्वस्त दरास पात्र. परंतु एकत्र मीटरवर ती ४०० युनिटे होतात आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतात. जो दर बंगल्याला लागावा तो खोपटाला लागतो. वर मालकाचा नफा वेगळाच. दर युनिटाला सर्वाधिक पैसे देणारा ग्राहक बहुधा सर्वांत कमी वीज वापरणारा असतो, ही आपल्या व्यवस्थेची किमया आहे. उपकरणाच्या निवडीचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्याने म्हणून आधी मीटर पाहावा. स्वतंत्र मीटरची मागणी ही ऊर्जाबचतीच्या चळवळीचीच पहिली मागणी आहे.

तिसरे उत्तर रोख रकमेचे. ज्याची मजुरी आठवड्याला हाती येते, त्याला दोन वर्षांत वाचणाऱ्या पाच हजारांपेक्षा आज वाचणारे हजार रुपये मोठे असतात. यात अविवेक नाही. सावकाराच्या व्याजाने पैसा उचलणाऱ्या माणसाचा हिशेब बँकेत ठेव असणाऱ्याच्या हिशेबापेक्षा वेगळाच असणार. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती या कारणाने.

मग मार्ग कोणता? तो एकदा देशाने चालून दाखविलेला आहे. २०१४ च्या सुमारास एलईडी दिवा दुकानात तीनचारशे रुपयांना मिळत असे आणि सामान्य माणूस दहापंधरा रुपयांचा तारेचा दिवाच घेत असे. ६० वॅटच्या त्या दिव्याइतका उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो, हे ठाऊक असूनही घेणे परवडत नव्हते. तेव्हा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाखालील चार सार्वजनिक कंपन्यांनी मिळून उभारलेल्या ईईएसएल या संस्थेने देशभराची मागणी एकत्र केली आणि कोट्यवधी दिव्यांच्या निविदा काढल्या. २०१४ च्या आरंभी एका दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपये होती. २०१६ साली ती ३८ रुपयांवर आली. जानेवारी २०१५ पासून चाललेल्या या योजनेत, जी पुढे उजाला या नावाने ओळखली गेली, ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. अनेक ठिकाणी ग्राहकाला आरंभी दहा रुपये भरून उरलेली रक्कम बिलातून हप्त्यांनी देता येत असे. जागतिक बाजारात एलईडीच्या किमती त्या काळी उतरतच होत्या, हे खरे; परंतु दोन-अडीच वर्षांत एवढी घसरण केवळ बाजाराच्या कृपेने झाली असे म्हणता येणार नाही. मागणी संघटित झाली, खरेदी सार्वजनिक झाली आणि पैसे देण्याची रीत गरिबाच्या मिळकतीशी जुळवून घेतली गेली, म्हणून ती झाली. आज तारेचा दिवा दुकानातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. कोणाला उपदेश करावा लागला नाही.

याच योजनेतून पंखेही विकले गेले. परंतु दिव्यांची संख्या कोटींत मोजावी लागते तेथे पंख्यांची संख्या काही लाखांतच अडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच संस्थेने एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला. घोषणेतून पंखा फिरत नाही. हा कार्यक्रम आपल्या जिल्ह्यात कोठवर आला, विकत घेतलेला पंखा बिलाच्या हप्त्यांवर मिळतो की रोखीने, हे विचारणे कार्यकर्त्यांचे काम आहे. दिव्यांच्या बाबतीत जे शक्य झाले ते पंख्यांच्या बाबतीत अशक्य का ठरावे, याचे उत्तर अधिकाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

महाराष्ट्राला तर संघटित खरेदीचा धडा बाहेरून शिकण्याचे कारणच नाही. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघरातील तेल आणि साखर हा राजकारणाचा विषय झाला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घराघरांचे संघ करून एकत्र मागणी नोंदवावी, थेट उत्पादकाकडून माल आणावा आणि तो वाटून घ्यावा ही पद्धत रुजविली. मालाच्या यादीत तेल-डाळीबरोबर पंखा का असू नये? बचतगटांनी, कामगारांच्या पतपेढ्यांनी, गृहनिर्माण संस्थांनी शंभर पंख्यांची मागणी एकत्र नेली तर व्यापारी भावात बोलतो. एकट्याने गेलेल्याशी तो बोलत नाही. पतपेढीने या खरेदीपुरते छोटे कर्ज द्यावे आणि हप्ता वाचलेल्या बिलाएवढाच ठेवावा. सभासदाच्या खिशाला त्याची झळ लागणार नाही.

या मांडणीवर काही आक्षेप घेतले जातात. ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप दुरुस्तीचा. साधा पंखा मंदावला तर गल्लीतला वायरमन थोडक्या पैशांत कंडेन्सर बदलून देतो. नव्या पंख्याचे मंडल जळले तर तो हात वर करतो आणि कंपनीचा माणूस तालुक्याच्या गावी फिरकत नाही. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. म्हणून घाऊक खरेदी करताना हमीचा काळ, सुटे भाग आणि जवळचे दुरुस्ती केंद्र या अटी किमतीइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात. आयटीआयमधून शिकलेल्या मुलांना या मंडलांची दुरुस्ती शिकविली तर गल्लीतील वायरमनचा धंदा बुडण्याऐवजी वाढेल. ज्याला पंखा बदलणे शक्यच नाही त्याने निदान भिंतीवरचा जुना, खोक्यासारखा, गरम होणारा रेग्युलेटर बदलावा. त्या रेग्युलेटरमध्ये पंखा हळू केला तरी वाचलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर थोडक्या खर्चात येतो आणि वेग कमी केल्याबरोबर वीजही खरोखर कमी घेतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. इंग्लंडातील अर्थशास्त्रज्ञ स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ सालीच दाखविले होते की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागल्यावर कोळशाचा एकूण खप घटला नाही, तो वाढला. कार्यक्षमतेने बचत होतेच असे नाही, हा त्याचा मथितार्थ. परंतु येथे कोणाचा खप वाढतो हे पाहिले पाहिजे. जेथे एका खोलीत सहा माणसे एका पंख्याखाली झोपतात, तेथे वाचलेल्या विजेवर दुसरा पंखा आला तर त्याला उधळपट्टी म्हणणे हा क्रूर विनोद होईल. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भाराने चालताना सुमारे दीड हजार वॅट घेते. तेवढ्या विजेवर साधे वीस पंखे किंवा कार्यक्षम पन्नास पंखे फिरतात. काटकसरीचे व्याख्यान द्यावयाचेच असेल तर ते कोठे द्यावे, हे या आकड्यांवरून ठरते.

याच संदर्भात ताऱ्यांविषयीचा एक गैरसमज दूर करावा. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ साली ताऱ्यांची पट्टी सुरू केली. २०१० पासून ती काही उपकरणांना आणि पुढे २०२२-२३ च्या सुमारास छताच्या पंख्यांना बंधनकारक झाली. तारे हे त्याच प्रकारच्या, त्याच आकाराच्या यंत्रांशी केलेली तुलना सांगतात. म्हणून पाच ताऱ्यांचा मोठा फ्रीज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रीजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. फ्रीजच्या पट्टीवर ताऱ्यांखाली वर्षाला लागणारी युनिटे छापलेली असतात. तो आकडा वाचावा, त्याला युनिटाच्या दराने गुणावे आणि किमतीशेजारी मांडावे. वातानुकूलन यंत्राच्या पट्टीवरील आकडा वर्षाला १६०० तासांचा वापर धरून काढलेला असतो. वापर वेगळा असेल तर त्या प्रमाणात हिशेब बदलावा. पट्टीवर तिच्या मुदतीचे वर्षही असते. निकष काही वर्षांनी कडक होतात. जुन्या मुदतीचे पाच तारे नव्या निकषांत तीनचारच ठरतात, आणि दुकानदार जुना माल नेमका पाच ताऱ्यांच्या नावावर खपवितो. हे वाचन अवघड नाही. रेशनकार्ड आणि सातबारा वाचून दाखविणाऱ्या कार्यकर्त्याने ही पट्टीही वाचून दाखवावी.

अखेरीस या प्रश्नाचे दुसरे टोक विसरता कामा नये. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळशापासून एक युनिट वीज काढावयास सुमारे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. मघाच्या घरात महिन्याला वाचणारी चाळीस युनिटे म्हणजे पंचवीस किलोहून अधिक कोळसा. दहा महिन्यांत अडीच क्विंटल. त्या कोळशाची धूळ आणि राख पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात पडत नाही. ती खाणीलगतच्या गावांत पडते, आणि त्याच गावांतून मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेथला माणूस खाणीत कोळसा काढतो, राख श्वासात घेतो आणि रात्री घरी येऊन जुन्या, तापलेल्या पंख्याखाली त्याच कोळशाच्या विजेचे चढे बिल भरतो. वाया गेलेल्या प्रत्येक युनिटाची किंमत दोनदा वसूल होते, आणि दोन्ही वेळा खालच्या माणसाकडूनच.

तेव्हा प्रत्येक शाखेने पुढील तीन महिन्यांत एकच वस्ती निवडावी. घरोघर जाऊन तीन गोष्टी लिहून आणाव्यात: मीटर कोणाच्या नावावर आहे, युनिटाला किती रुपये द्यावे लागतात, आणि पंखे किती व कोणत्या प्रकारचे आहेत. या तीन रकान्यांतून मागण्या आपोआप उभ्या राहतील. स्वतंत्र मीटरचे अर्ज महावितरणकडे सामुदायिकपणे न्यावेत. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेतील सदस्यांनी यापुढील खरेदीत यंत्राच्या किमतीबरोबर दहा वर्षांच्या विजेचा खर्च मोजावा असा ठराव आणावा. पतपेढी व बचतगटांनी पंख्यांची एकत्रित मागणी नोंदवावी. आणि घरमालकाशी भाडे ठरविताना ‘पंखा कोणता?’ हा प्रश्न पाणी आणि संडास यांच्या प्रश्नांइतकाच सहज विचारला जावा.

दराविरुद्धचा लढा चालूच राहील. तो चालू राहिलाच पाहिजे. परंतु आयोगाचा निकाल येईपर्यंत वस्तीतील पंखे थांबत नाहीत. तो प्रत्येक पंखा कोणी निवडला आणि त्याचे बिल कोण भरतो, या प्रश्नाला आजच हात घालता येतो. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि एक संध्याकाळ पुरेशी आहे.